मधली खोली

नुकुतेमा,
९ नोव्हेंबर १९८७

ती. लासेलामामा,
तालोफा.

आधी एक चूक दुरुस्त करते, खुशाली नंतर. सप्टेंबरच्या जहाजाने मी तुम्हाला वाळूच्या दोन बाटल्या आणि चित्रांचे कागद पाठवले होते. त्यात लिहिलं होतं, की उत्तर खडकावरच्या वाळूचे काटेरी दाणे, आपल्या चांदण्या, धडधाकट आहेत आणि दक्षिण खडकावरच्या वेड्यावाकड्या. हे उलटं आहे. धडधाकट आहेत त्या दक्षिणेच्या. वेड्यावाकड्या उत्तरेच्या. लाल पट्टीची बाटली दक्षिण समजा, निळी उत्तर, आणि माझ्या प्रत्येक चित्राखालचं नाव खोडून दुसरं लिहा. पुढचं वाचण्याआधी एवढं करा, मामा.

चूक कशी झाली ते सांगते. बाटल्या भरल्या तेव्हा केवड्याच्या रंगवलेल्या पट्ट्या हाताशी होत्या. उत्तरेच्या बाटलीला मी लाल बांधली, दक्षिणेच्या बाटलीला निळी. चित्रं काढायला दोन दिवसांनी बसले. मधल्या वेळात आईने पट्ट्या बदलल्या. हे मला परवा कळलं, उत्तरेची ताजी वाळू भिंगाखाली धरली तेव्हा.

"आई, बाटल्यांना तू हात लावला होतास?"

"भिंगातून पाहिलं नि पट्ट्या नीट केल्या. का?"

"नीट म्हणजे?"

"लाल आपल्या बाजूचा रंग. तो तू बांधलास त्या लुळ्यापांगळ्या वाळूला, आणि त्या खाडीवाल्यांचा निळा बांधलास चांगल्या वाळूला. लासेलाकडे चार शिकलेली माणसं येतात-जातात. त्यांनी काय समजायचं?"

"सुव्यात कुणाला ठाऊक आहे लाल कुणाचा नि निळा कुणाचा!"

"लासेलाला आहे," आई म्हणाली, आणि माशाची खवलं काढायला लागली.

तुमची बहीण आहे, तुम्ही ओळखता. गावाच्या दोन बाजूंत होड्यांची शर्यत असो, नाच असो की नीरफणस भाजणं असो, आईला हार माहीत नाही.

पण दोष तिचा एकटीचा नाही. चित्रं काढताना मला शंका आली होती. दक्षिणेला लाटा आदळतात, म्हणून तिथल्या चांदण्यांचे काटे जाड आणि आखूड. उत्तरेला पाणी शांत, म्हणून तिथले लांब आणि नाजूक. हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि "उत्तर" म्हणून मी जे काढत होते त्याचे काटे जाड होते. मला वाटलं, दोन बेटांमध्ये बांध घातल्यापासून लाटांची दिशा फिरली असेल. मनाची समजूत घातली आणि काढत गेले.

आता जे पाहिलं ते लिहिते. माझा पाय मोडला होता त्या वर्षी तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. चांदणी मेणाने नखावर चिकटवली आणि ओल्या दगडावर हलकेच घासली, आतल्या खोल्या दिसेपर्यंत. तुम्ही म्हणायचात, हा जीव एका पेशीचा, पण घर बांधतो खोलीला खोली जोडून, मधून बाहेर. मधली खोली त्याचं बाळपण. बाहेर काहीही झालं तरी आतली खोली त्याला मोडता येत नाही, म्हणून आतून बाहेर वाचत जायचं. मी वाचलं. उत्तरेच्या चांदण्यांच्या आतल्या खोल्या सुबक आहेत. मग एका वळणावर भिंत पातळ होते, खोल्या दबतात, एकमेकींवर चढतात, काटा फुटतच नाही किंवा दोन चिकटून फुटतात. घासलेल्या सगळ्या चांदण्यांत बिघाड जवळपास त्याच वळणावर सुरू होतो. म्हणजे जे झालं ते सगळ्यांना एकाच वेळी झालं.

आपल्या आणि शेजारच्या बेटामधली पाण्याची वाट दगडी बांध घालून बंद केली ती मार्चमध्ये. तेव्हापासून उत्तर खडकावरचं पाणी हलत नाही. त्याला वास येतो.

वाळूच्या दांड्यावर नवं सभाघर बांधायचं पंचायतीच्या मनात आहे, आणि खाडीवाल्यांची घरंही तिकडेच न्यायची. दांड्याची वाळू जन्मते उत्तर खडकावर. म्हणून विनंती, बाटल्या स्वतः पाहिल्याशिवाय पंचायतीला काही लिहू नका.

आई बरी आहे. ताईचं बाळ रांगायला लागलं.

तुमची,
सुनेमा

&nbsp;

सुवा,
३० ऑक्टोबर १९८७

प्रिय सुनेमा,

शाबास पोरी! तुझे कागद मी इथे भिंतीला लावले आहेत. आमचे साहेब येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे कुठल्या विद्यापीठात शिकलेल्या माणसाने काढलं?" मी म्हटलं, "पाय मोडून चटईवर पडलेल्या विद्यापीठात." ते हसले नाहीत. त्यांना विनोद समजावून सांगावा लागतो.

तुझ्या बाटल्या अजून उघडलेल्या नाहीत. आमचं मोठं सूक्ष्मदर्शक दुरुस्तीला गेलं आहे, आणि खरं सांगायचं तर तुझी चित्रं असताना घाई वाटली नाही. लहानपणी चांदणीला पाच काटे असले आणि एक तुटलेला असला, तर तू चार काढून पाचव्याच्या जागी "इथे होता" असं लिहायचीस. असा माणूस चुकत नाही.

दक्षिणेला बिघाड का असावा हे कोडं आहे, पण ती वाळू खोल समुद्रात जाते, तिच्यावर कुणाचं घर उभं नाही. उत्तर खडक निरोगी आहे, हे महत्त्वाचं. पंचायतीचे मुख्य उआएलासी दोनदा विचारत होते, दांडा टिकेल का म्हणून. त्यांना याच टपालाने कळवलं आहे: नवी वाळू जन्मते आहे, दांड्याला धोका नाही, खुशाल बांधा. खाली सही केली आणि कार्यालयाचा शिक्काही मारून घेतला. म्हाताऱ्याला शिक्का आवडतो.

फेब्रुवारीत इथे वरची जागा रिकामी होते आहे. हे काम माझ्या नावावर जमा झालं तर बरं. होईलच.

आक्काला सांग, तिने पाठवलेला सुका मासा अख्ख्या इमारतीला कळला.

तुझा,
लासेलामामा

&nbsp;

नुकुतेमा,
२० नोव्हेंबर १९८७

ती. मामा,

ज्या होडीने माझं पत्र जहाजावर गेलं, तीच होडी परत येताना तुमचं पत्र घेऊन आली. मी पुळणीवरच उभी राहून वाचलं. वर पाहिलं तेव्हा जहाज खडकाबाहेर वळत होतं.

बेटावरून निरोप पाठवायचा रेडिओ दुरुस्तीला राजधानीत, फुनाफुतीला, गेला आहे. हे पत्र खोबरं न्यायला आलेल्या जहाजाच्या खलाशाजवळ देते आहे. तो सुव्यापर्यंत जातो.

तुमचं पत्र उआएलासीकाकांनी सभाघरात मोठ्याने वाचायला लावलं, शिक्का सगळ्यांना दाखवला. खाडीवाल्यांनी टाळ्यांचा ताल धरला. आपली बाजू गप्प होती, कारण दांडा खाडीवाल्यांचा. नवं सभाघर तिथे गेलं की गावाचं मन तिकडे गेलं, असं आपल्या म्हाताऱ्यांना वाटतं. म्हणजे तिथे असलेल्यांपैकी निम्मे खूश होते आणि निम्मे नाराज, पण घाबरलेलं कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी गेले. ते नारळाच्या काथ्याची दोरी वळत बसले होते.

"या डॉक्टरीणबाई! आज कुणाची नाडी पाहिलीत? वाळूची?"

"वाळूचीच, काका. ती बरी नाही."

मी सगळं सांगितलं. आईचं नाव घेतलं नाही, बाटल्या उलटसुलट झाल्या एवढंच म्हटलं. ते मांडीवर दोरी घासत ऐकत राहिले.

"म्हणजे तुझा मामा चुकला?"

"मामा नाही. मी चुकले."

"काल चुकलीस. मग आज चुकत नाहीस हे कशावरून?"

 मी भिंग पुढे केलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, बराच वेळ पाहिलं, परत दिलं.

"माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, पोरी. मला सगळी वाळू सारखीच. पण कान शाबूत आहेत. तुझ्या बाजूची माणसं विहिरीवर काय बोलतात ते ऐकू येतं. दांड्यावर घर नको, दांड्यावर घर नको. आणि आता तू आलीस वाळूची नाडी घेऊन."

"माझी बहीण तुमच्या बाजूला दिलीय, काका. तिचं घर दांड्यावरच जाणार."

"मग तिच्यासाठी तरी चांगलं बोल."

घरी येऊन मी आईला म्हटलं, तू चल, पट्ट्या तू बदलल्यास असं सांग. आई म्हणाली, "मी? खाडीवाल्यांपुढे उभी राहून? आणि सांगू, की लाल बाजूच्या बाईने खोटा रंग बांधला? त्यापेक्षा मला खडकाबाहेर नेऊन सोड." मग जरा वेळाने म्हणाली, "लासेला लिहील परत. तो शहाणा आहे." आणि तुमच्यासाठी मासा सुकत घातला.

म्हणून आता सगळं तुमच्यावर आहे. दुसरं पत्र पाठवा. सही आणि शिक्का, दोन्ही हवं.

आणखी एक. मी दांड्यावर टोकापासून मुळापर्यंत चालले आणि ठिकठिकाणची वाळू पाहिली. कुठेच काट्यांची चांदणी नाही. सगळे दाणे घासून गोल झालेले, म्हणजे जुने. आजी म्हणायची, काट्यांच्या चांदण्या एकमेकींचे हात धरतात. दांड्याच्या वाळूचे हात सुटले आहेत. टोकाचे माड मुळं उघडी टाकून उभे आहेत.

सुनेमा

&nbsp;

सुवा,
१८ जानेवारी १९८८

प्रिय सुनेमा,

तुझी दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात मिळाली. सूक्ष्मदर्शक परत आलं आहे. मी बाटल्या उघडल्या, दाणे कापले, पाहिले.

तुझं म्हणणं बरोबर आहे. कदाचित तू म्हणतेस त्याहून थोडं जास्त. निळ्या पट्टीच्या बाटलीत काही जीव खोलीच्या भिंती पुऱ्या न करताच मेले आहेत. काट्यांच्या आकारावरूनच स्पष्ट होतं, कुठली बाटली कुठल्या खडकावरची. मी आधी उघडल्या असत्या तर मला पहिल्या दिवशीच दिसलं असतं. असो.

पण सुनेमा, शास्त्रात दोन बाटल्यांवर बोलता येत नाही. आणखी नमुने लागतील, दुसऱ्या ऋतूतले. मी योग्य त्या ठिकाणी कळवलं आहे, तू काळजी करू नकोस. तोवर कुणाजवळ बोलू नकोस, आक्काजवळही नको. लोक घाबरले की ऐकत नाहीत. एप्रिलच्या जहाजाने मी स्वतः येतो आणि उआएलासींशी समोर बसून बोलतो. सभाघर काही एका दिवसात उभं राहत नाही. आपल्याकडे खांब निवडण्यात वर्ष जातं, मला माहीत आहे.

वरच्या जागेच्या मुलाखती पुढच्या महिन्यात आहेत. तुझ्या चित्रांचं साहेबांनी पुन्हा कौतुक केलं. चित्रं भिंतीवरच आहेत. खालची नावं अजून बदलायची आहेत.

बाळाला माझ्याकडून पापा.

लासेलामामा

&nbsp;

नुकुतेमा,
८ मार्च १९८८

ती. मामा,

तुमचं पत्र मिळालं. मी ते पुष्कळदा वाचलं, कारण त्यात एक वाक्य आहे ज्याचा अर्थ मला लावायचा नव्हता. "योग्य त्या ठिकाणी कळवलं आहे." त्या दिवशी टपालाची पिशवी उतरली तेव्हा मी तिथेच होते, उआएलासीकाकांचं टपाल मीच त्यांना वाचून दाखवलं. पुतण्याचं एक पत्र होतं, चर्चच्या पंचांगाचे कागद होते. तुमचं नव्हतं. या जहाजानेही नाही. मी रागावलेली नाही, मामा. चित्राखालची नावं तुम्ही का बदलली नाहीत ते मला समजतं. पण समजतं असं आता लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला समजलं नव्हतं असं कुणी म्हणू नये.

सभाघर उभं राहिलं. खांब निवडायला वर्ष लागतं ते दोन्ही बाजू मिळून बांधतात तेव्हा. या वेळी शर्यत होती. खाडीवाल्यांनी आपले खांब पंधरवड्यात रोवले, मग आपल्या बाजूने मागे कसं राहायचं? ज्यांना दांडा नको होता त्यांनीच छपराची अर्धी बाजू जास्त वेगाने शाकारली, आणि आता सगळ्यांत आधी तेच ती दाखवत फिरतात. आईने केवड्याच्या पानांच्या झापा इतक्या विणल्या की बोटं चिरली.

ताई दांड्यावर राहायला गेली. मागच्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. तिच्या घराचा समुद्राकडचा खांब कलला आहे.

"घर पाण्याकडे मान वाकवून बघतंय," ती म्हणाली. "माझ्या सासूसारखं. सगळ्यांच्या घरात."

"ताई, तू परत ये. बाळाला घेऊन ये, निदान अमावास्येपर्यंत."

"आणि काय सांगू?"

"मी तुला सांगितलं ते सांग."

"सुनेमा, मी निघाले तर म्हणतील, लालवालीचं रक्त, नवं घर सोसलं नाही. सगळे राहतात तिथे मी राहीन. सगळे निघाले तर सगळ्यांत पुढे मी पळेन, बाळ काखोटीला मारून. तू सगळ्यांना काढ."

ती हसत म्हणाली. बाळ ओट्याखालची वाळू मुठीत धरत होतं आणि ती त्याच्या बोटांतून पाण्यासारखी निसटत होती.

तुम्ही नवे नमुने मागितलेत. मी घेतले. उत्तर खडकावर पूर्वी शेवाळाची मूठ उपटली की ती जिवंत चांदण्यांनी पिवळी दिसायची. आता शेवाळ काळं आहे आणि धुतलं की हाताला जवळपास काही लागत नाही. जे थोडे सापडले ते कोवळे आहेत, बांधानंतर जन्मलेले. ते मी घासले. नोव्हेंबरमध्ये घासलेल्या चांदण्यांची मधली खोली चांगली होती. यांची मधली खोलीच वाकडी आहे, मामा. यांना चांगलं पाणी कधी मिळालंच नाही. यांच्यात वाचायला काही नाही. बाहेरही तेच, आतही तेच.

तुम्ही एप्रिलमध्ये येता. सभाघराचा प्रवेश शुक्रवारी, १८ मार्चला आहे. त्या दिवशी अमावास्या, आणि वर्षातलं सगळ्यांत मोठं उधाण याच अमावास्येला, असं आपले सगळे कोळी सांगतात. ते उलट खूश आहेत. उधाणात होड्या थेट पायरीला लागतील म्हणतात. नव्या सभाघरात पहिली रात्र सगळं गाव एकत्र झोपतं, तान्ह्यांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, दोन्ही बाजू. तुम्हाला आठवत असेल. जुन्या सभाघरात तसे झोपला होतात तेव्हा तुम्ही सहा वर्षांचे होतात, असं आई सांगते.

मी पाद्रींकडेही गेले. ते भले आहेत. म्हणाले, आपण प्रार्थना करू. मी म्हटलं, करू, आणि बांधाचे दगडही काढू. ते म्हणाले, दगड पंचायतीचे आहेत.

सभेत मला बोलता येत नाही. लग्न न झालेल्या मुलीने सभेत तोंड उघडण्याची रीत नाही, आणि घराच्या वतीने माझे चुलते बोलतात, त्यांनी छप्पर शाकारलं आहे. पण एक जागा आहे जिथे बोलावंच लागतं. तुम्ही पुरुष, म्हणून कदाचित विसरला असाल. सभाघरात वाळूची जमीन घालण्याचा दिवस. प्रत्येक घराची एक बाई खडकावरची वाळू टोपलीत आणते, कुणाच्या घरची, कुठल्या खडकावरची ते मोठ्याने सांगते आणि ओतते. टोपली रिकामी होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही, पंचायतीच्या मुख्यांनीसुद्धा. बायका चार शब्द बोलतात, टोपली उलटी करतात आणि बसतात. पण किती शब्द बोलायचे याचा नियम कुणी केलेला नाही. मी आजीच्या वयाच्या तीन बायकांना विचारून खात्री केली.

आपल्या घरची टोपली दरवेळी आई नेते. मी म्हटलं, या वेळी मी नेईन.  मग तिने कोपऱ्यातल्या पेटीतून लाल पट्टी काढली, निळीही काढली, आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवून बाहेर गेली.   तिला काय म्हणायचं होतं ते मी ठरवू शकत नाही, म्हणून फक्त झालं ते लिहिते.

टोपली मी मोठी विणली आहे, दोन्ही हातांनी उचलावी लागेल एवढी. तळाशी उत्तरेची वाळू, वर दक्षिणेची. अंगणात ओतून पाहिलं. उत्तरेची बिनकाट्यांची वाळू एका दमात घसरते. दक्षिणेची काट्यांची अडते, गठ्ठ्याने थांबते, टोपली हलवावी लागते. हळू ओतली तर तेवढ्यात सगळं सांगून होतं. बांध, पाणी, खोल्या, बाटल्यांचे रंग कुणी बदलले आणि का, चित्रं कुणी न तपासता काढली, आणि तुमच्या पत्रावरचा शिक्का चुकीच्या बाटलीवर मारलेला आहे हे. तुमचं दुसरं पत्र, ज्यात तुम्ही माझं म्हणणं बरोबर म्हणता, ते मी कमरेला खोचून नेणार आहे. वाचून दाखवा म्हटलं तर दाखवीन. तुमच्या जागेचं काय होईल, आईला या बाजूचे लोक पुढे पाणी देतील की नाही, मला माहीत नाही. हे सगळं मोजून झालं आहे. ताईचं बाळ दुसऱ्या पारड्यात आहे.

लोकांनी ऐकलं नाही तर शुक्रवारी सभाघरात मी ताईजवळ झोपेन, समुद्राकडच्या खांबाशी.

हे जहाज आज जातं. पत्र तुम्हाला मिळेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल, म्हणून तुमची परवानगी मागत नाही, फक्त दिवस कळवते. सकाळची प्रार्थना संपली की जमीन घालायला सुरुवात होते, आणि आपल्या घराचा क्रम पहिल्या काहींतच येतो. सोमवार, १४ मार्च.

सुनेमा